पार्षदावर किंवा आमदारावर हल्ला झाला तर: इंदूरमध्ये फिर्याद, साक्षीदार-संरक्षण आणि भरपाईचे अर्ज

पार्षदाला (नगरसेवकाला) मारहाण झाली की तासाभरात पोलीस थान्याबाहेर गर्दी जमते, घोषणा होतात, व्हिडिओ फिरू लागतात. या गडबडीत जखमीची वैद्यकीय तपासणी मात्र राहून जाते. लोकप्रतिनिधीसाठी कायद्यात वेगळा अर्ज नाही, त्यालाही तुमच्याआमच्यासारखीच फिर्याद द्यावी लागते. खासदार-आमदारांची विशेष न्यायालयं आहेत ना, असं पुष्कळ जण विचारतात. ती त्यांच्यावर आरोप असलेल्या खटल्यांसाठी आहेत, त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यांसाठी नव्हेत.

फिर्याद कोणी आणि कशी द्यायची

जखमी बोलू शकत नसेल तर नातेवाईक, कार्यकर्ता किंवा घटना पाहणारा कोणीही फिर्याद देऊ शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून थाना परत पाठवू शकत नाही, झीरो एफआयआर (हद्द न पाहता नोंदवलेली फिर्याद) घ्यावीच लागते. ऑनलाइन दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

आपल्याकडे फिर्याद हिंदीत लिहिली जाते. सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचा. ‘राजनीतिक रंजिश के चलते’ (राजकीय वैरातून) एवढ्याने काही सिद्ध होत नाही. वाद कोणत्या कामावरून होता, आधी धमकी कोणत्या नंबरवरून आली, मारताना कोण काय बोललं, हे शिवीसकट जसंच्या तसं लिहायला लावा. विरोधी पक्षाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांची नावं घुसवायचा मोह मात्र आवरा. त्यातलं एक नाव खोटं ठरलं की बचावाचा वकील बाकीच्या खऱ्या नावांवरही संशय उभा करतो.

‘शासकीय कामात अडथळा’ हे कलम लावाच, असा हट्ट कार्यकर्ते धरतात. पण आमदार हा दंड संहितेच्या व्याख्येतला लोकसेवक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली अंतुले प्रकरणात म्हटलं होतं. खुनाचा प्रयत्न (भारतीय न्याय संहिता, कलम १०९), घातक हत्याराने दुखापत (११८), धमकी (३५१) ही कलमं कोणालाही लागू होतात. विधानसभेत जाता-येता आमदाराला अडवलं तर विशेषाधिकार भंगाची सूचना अध्यक्षांकडे वेगळी देता येते. पार्षदाला ती सोय नाही.

कागद आणि पुरावे

ओळखपत्र, लेखी तक्रार आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस) अहवाल, म्हणजे पोलीस केससाठी डॉक्टरांनी केलेली जखमांची नोंद. एमवाय या सरकारी रुग्णालयात नेलं किंवा खासगी रुग्णालयात, एमएलसी करायला सांगाच. त्यात प्रत्येक जखमेची जागा आणि लांबी-रुंदी नोंदली जाते. रक्ताचे कपडे धुवू नका. ते वाळवून, कागदात गुंडाळून जप्तीत द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते कुजतात. समोरच्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज थोड्याच दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जप्त करण्याचा अर्ज थान्यात त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या. फुटेजसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

थान्याने नोंदच घेतली नाही तर? इंदूर शहरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्त पद्धत आहे, तेव्हा लेखी अर्ज झोनच्या डीसीपींना (पोलीस उपायुक्तांना) रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. महू, देपालपूरकडच्या लोकांनी ग्रामीण एसपींना (पोलीस अधीक्षकांना) पाठवावा. तिथेही दाद लागली नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायचं. त्यासाठी पोस्टाची पावती लागते.

साक्षीदारांचं संरक्षण

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा अर्ज हाच, आणि तो क्वचितच कोणी करतं. उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातले आमदार कृष्णानंद राय यांची नोव्हेंबर २००५ मध्ये हत्या झाली. साक्षीदार उलटले आणि २०१९ मध्ये दिल्लीच्या न्यायालयातून आरोपी सुटले. साक्षीदारांना साक्षीदार संरक्षण योजनेचा लाभ मिळाला असता तर निकाल वेगळा लागला असता, अशा आशयाची नोंद न्यायाधीशांनीच निकालात केली.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेल्या त्या योजनेत अर्ज जिल्हा समितीकडे जातो. अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात, सदस्य-सचिव जिल्ह्याचे अभियोजन प्रमुख. पोलीस धोक्याचा अहवाल देतात आणि त्यावर संरक्षण ठरतं. ते एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचं असतं. मुदत संपत आली की पुन्हा अर्ज करावा लागतो, त्याची तारीख वकिलावर न सोडता स्वतः लिहून ठेवा.

भरपाई आणि पुढचे हक्क

कायद्यातल्या ‘पीडित’ शब्दात वारसही येतात. न्यायालयाच्या शिफारशीवर, किंवा आरोपी सापडलाच नाही तर थेट, जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. त्यांनी चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असते. एफआयआर, एमएलसी, बिलं आणि बँक पासबुकाची प्रत जोडा.

तपास कुठवर आला, हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचं असतं. न्यायालयाच्या परवानगीने सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकीलही देता येतो. राजकीय खटल्यांत पुढे समझोते होतात, पक्ष बदलतात आणि खटला मागे घेण्याचा अर्ज अचानक येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० नुसार पीडिताचं ऐकल्याशिवाय न्यायालय तशी परवानगी देऊ शकत नाही. म्हणून पत्ता किंवा मोबाइल नंबर बदलला तर थाना आणि न्यायालय, दोन्हीकडे लेखी कळवा.