पटिंग

गोल्फमधील होलभोवतीच्या (होल म्हणजे चेंडू घालायचे जमिनीतील छिद्र) खेळाचे कौशल्य. होलच्या सभोवार अगदी बारीक कापून राखलेल्या हिरवळीला ग्रीन म्हणतात. ग्रीनवर पोहोचलेला चेंडू पटर या सपाट तोंडाच्या काठीने जमिनीलगत घरंगळवत होलमध्ये घालणे म्हणजे पटिंग आणि अशा एका फटक्याला पट म्हणतात. पार (अपेक्षित फटक्यांची संख्या) ७२ असलेल्या अठरा होलच्या मैदानावर प्रत्येक होलला दोन याप्रमाणे ३६ पट गृहीत धरलेले असतात, म्हणजे कागदोपत्री निम्मे फटके पटरचेच ठरतात. खेळ सुधारू पाहणाऱ्यांसाठी पटिंग आणि फेरीपूर्वीची अंगमोकळीक हे विषय सहसा वेगवेगळे मांडले जातात. ग्रीनच्या वेगाचा अंदाज हा दोहोंचा समान गाभा असल्याने येथे ते एकत्र घेतले आहेत.

व्युत्पत्ती व होलचे माप : ‘पट’ हा शब्द हलकेच ढकलणे या अर्थाच्या स्कॉट्स क्रियापदावरून आला, असे बहुतेक कोशकार मानतात. डच भाषेत ‘पुट’ म्हणजे खड्डा, म्हणून शब्द आणि त्याबरोबर खेळही नेदर्लंड्समधून आला, असा दुसरा पक्ष आहे. डच इतिहासकार स्टीव्हन फान हेंगेल यांनी कोल्फ या जुन्या डच खेळाविषयीचे पुरावे जमवून या पक्षाला बळ दिले. मात्र कोल्फ प्रामुख्याने खांब, दार अशा उभ्या लक्ष्यांवर खेळला जाई. चेंडू छिद्रात घालून डाव संपवणे हे स्कॉटिश खेळाचे लक्षण दिसते. ॲबर्डीनचे शिक्षक डेव्हिड वेडरबर्न यांच्या १६३६ मधील लॅटिन शब्दसंग्रहात चेंडू छिद्रात गेल्याचा उल्लेख आहे आणि होलचा तो सर्वांत जुना निःसंदिग्ध उल्लेख समजला जातो. स्कॉट्स व्युत्पत्ती त्यामुळे अधिक सयुक्तिक वाटते. १४५७ च्या स्कॉटिश संसदेच्या बंदी-कायद्यात गोल्फचे नाव येते, पण खेळाच्या रीतीविषयी त्यातून काहीच हाती लागत नाही.

स्कॉटलंडमधील लीथ येथे १७४४ मध्ये केलेल्या गोल्फच्या तेरा नियमांतील पहिला नियम पटिंगच्या इतिहासासाठी फार बोलका आहे. पुढच्या होलचा पहिला फटका मागील होलपासून एका काठीच्या लांबीच्या आत ठेवलेल्या चेंडूवर मारावा, असे तो सांगतो. म्हणजे ग्रीन नावाची वेगळी, जपलेली जागा तेव्हा नव्हतीच. ‘ग्रीन’ हा शब्द संपूर्ण मैदानाला लावत. होलभोवतीची जमीन पायांनी तुडवली जाई, टीसाठी (पहिल्या फटक्याच्या वेळी चेंडू ठेवायच्या लहानशा उंचवट्यासाठी) लागणारी वाळू होलमधूनच उपसली जाई आणि होल दिवसागणिक खोल व रुंद होत जाई. सेंट अँड्र्यूज येथे मैदानाची निगा राखणारे ओल्ड टॉम मॉरिस यांनी वाळू पसरून गवत दाट करण्याची रीत रूढ केली. आजच्या अर्थाचे पटिंग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आले असे त्यावरून म्हणता येते.

होलचा व्यास सव्वाचार इंच (१०८ मिमी.) असतो. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने १८९१ मध्ये तो नियमबद्ध केला. नेमके हेच माप का, याविषयी दोन मते आहेत. ढासळणारी कड सावरण्यासाठी हाताशी असलेला सांडपाण्याच्या नळाचा तुकडा होलमध्ये बसवला आणि त्याचा व्यास तेवढा होता, ही कथा पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. दुसऱ्या मतानुसार हे माप स्कॉटलंडमधील मसलबर्ग येथील होल कापण्याच्या अवजारावरून आले. ते अवजार सु. १८२९ मधील असून आजही जपून ठेवलेले आहे. कथेपेक्षा वस्तूचा पुरावा अर्थातच वजनदार. माप अन्यायकारकरीत्या लहान आहे, ही तक्रार मात्र जुनी आहे. अमेरिकन खेळाडू जीन साराझेन यांनी १९३० च्या दशकात ८ इंची होलचा पुरस्कार केला, पण तो रुजला नाही.

पटर : आरंभीचे पटर लाकडी व लांबट डोक्याचे असत. अमेरिकन वॉल्टर ट्रॅव्हिस यांनी १९०४ ची ब्रिटिश हौशी अजिंक्यपद स्पर्धा ‘स्केनेक्टडी’ या मध्यभागी दांडा असलेल्या पटरने जिंकली. रॉयल अँड एन्शंट क्लबने १९१० मध्ये असे पटर निषिद्ध ठरवले. अमेरिकेत ते चालूच राहिले. कार्स्टन सोल्हाइम यांच्या १९६६ मधील ‘अँसर’ पटरमध्ये वजन डोक्याच्या दोन्ही टोकांना विभागले होते. त्यामुळे फटका मध्यापासून थोडा हुकला तरी तोंड कमी पिळते. आजच्या बहुसंख्य पटरच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. दोन पायांमधून, होलकडे तोंड करून मारण्याची अमेरिकन खेळाडू सॅम स्नीड यांची पद्धत १९६८ पासून बंद झाली, तर पटर शरीराला टेकवून मारण्यावर १ जानेवारी २०१६ पासून बंदी आली.

भौतिकी : पटरच्या तोंडाला तीन-चार अंशांचा कल असतो. फटक्यानंतर चेंडू प्रथम घसरतो आणि गवताच्या घर्षणाने हळूहळू लोळू लागतो. फिरक न देता मारलेला चेंडू पूर्णपणे लोळू लागतो, तेव्हा त्याचा वेग मूळ वेगाच्या सु. पाच-सप्तमांश उरतो. चेंडू सुटण्याची दिशा मुख्यत्वे पटरचे तोंड ठरवते, काठीचा मार्ग नव्हे. दहा फुटांवर तोंडाची एक अंशाची चूक चेंडूला ५.३ सेंमी. बाजूला नेते आणि होलची त्रिज्या ५.४ सेंमी. आहे. एवढ्यावरून सरळ पटातील अचूकतेची कल्पना यावी.

चेंडू होलमध्ये पडण्याचा प्रश्न वाटतो त्याहून रंजक आहे. चेंडूचा व्यास कमीत कमी ४२.६७ मिमी. असतो. अलीकडची कड सोडल्यानंतर पलीकडच्या कडेला टेकेपर्यंत त्याचा मध्य कडेच्या पातळीपर्यंत, म्हणजे सु. २१ मिमी. खाली यायला हवा. एवढे पडायला सेकंदाचा सु. पंधरावा भाग लागतो आणि तेवढ्या अवधीत मध्याला सु. ८७ मिमी. अंतर मिळते. म्हणून होलच्या मधोमध येणाऱ्या चेंडूसाठी सेकंदाला १.३ मी. हा सुरक्षित वेग निघतो. भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन होम्स यांनी १९९१ मध्ये मागच्या कडेवर आपटून, उडून पुन्हा आत पडणारे चेंडूही हिशेबात धरले आणि मर्यादा १.६३ मी. पर्यंत नेली. या वेगाचा चेंडू मध्यम गतीच्या सपाट ग्रीनवर, होल नसता, आणखी सु. २.४ मी. गेला असता. पण ही सवलत फक्त मधोमध येणाऱ्या चेंडूला आहे. तो जितका कडेकडे सरकतो तितका होल त्याच्यासाठी आक्रसत जातो. जोरात मारलेला पट उतारावर कमी वळतो हे खरे, परंतु त्याच्यासमोर होलही लहान असतो. प्रशिक्षक डेव्ह पेल्झ यांनी चुकलेला चेंडू होलपुढे १७ इंच जाईल असा वेग सर्वोत्तम ठरवला. हा आकडा वेगवान, उतरत्या ग्रीनवर जसाच्या तसा पाळणे धोक्याचे वाटते. तेथे होलच्या कडेवर जेमतेम पोहोचणारा चेंडूच बरा.

ग्रीनचा वेग स्टिंपमीटरने मोजतात. ओकमाँट येथील १९३५ च्या यूएस ओपन स्पर्धेत ग्रीनचा विलक्षण वेग पाहून एडवर्ड स्टिंपसन यांनी हे साधन कल्पिले. अमेरिकन गोल्फ संघटनेने त्याचे ॲल्युमिनियमचे रूप १९७० च्या दशकात स्वीकारले. ३६ इंची पन्हळीचे एक टोक उचलले की सु. २० अंशांवर खाचेतला चेंडू सुटतो. तो सपाटीवर जितके फूट जाईल, तितका त्या ग्रीनचा आकडा. कापणी, ओल, गवताची जात व त्याचा कल यांनी हा आकडा एकाच दिवसात बदलतो.

अंतर की दिशा : दहा मीटरच्या पटात एक अंशाची चूक चेंडूला १७ सेंमी. बाजूला नेते, पण अंतराच्या अंदाजातील दहा टक्क्यांची चूक त्याला सुमारे मीटरभर मागे वा पुढे ठेवते. तीन पट लागण्याचे कारण बहुधा हेच असते. तरीही सरावाच्या ग्रीनवर बहुतेक जण सहा-आठ फुटांवरून एकाच जागी पुन्हापुन्हा चेंडू मारताना दिसतात, ही खेदाची गोष्ट आहे. सर्वोच्च व्यावसायिक खेळाडूही आठ फुटांवरून निम्मेच पट घालतात आणि वीस फुटांवरून साधारण सातांत एक. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांच्या फटकानिहाय विश्लेषणानुसार अव्वल खेळाडूंच्या आघाडीत पटिंगचा वाटा जेमतेम सातवा भाग असतो. पटिंग म्हणजेच सर्वस्व, या जुन्या समजुतीला त्याने धक्का दिला. हौशी खेळाडूला मात्र लांब पट जवळ ठेवण्यातून मिळणारे फटके सर्वांत स्वस्त असतात, कारण त्यासाठी शरीराची ताकद लागत नाही.

दृष्टीच्या स्थैर्याचा अभ्यास कॅनडातील संशोधक जोन व्हिकर्स यांनी केला. कुशल खेळाडू फटक्यापूर्वी दोन-तीन सेकंद चेंडूवर नजर रोखतात आणि फटक्यानंतरही ती क्षणभर तेथेच ठेवतात, असे त्यांना आढळले. छोट्या पटात मनगट अनपेक्षितपणे झटकणे या ‘यिप्स’ नावाच्या विकारात काहींना स्नायूंवरील नियंत्रणाचा मज्जासंस्थेतील दोष, तर काहींना दडपण कारणीभूत असते. जर्मन खेळाडू बर्नहार्ड लांगर यांनी त्यावर एकाहून अधिक वेळा मात केली.

फेरीपूर्वीची तयारी : अंगमोकळीक न करता पहिल्या टीवर (खेळ सुरू करण्याच्या जागेवर) उभे राहणे ही हौशी खेळाडूंमध्ये सर्रास आढळणारी सवय आहे. पाठीचे, विशेषतः कमरेचे दुखणे गोल्फरांत सर्वाधिक आढळते. ऑस्ट्रेलियातील फ्रॅडकिन आणि सहकाऱ्यांच्या २००४ मधील अभ्यासात नियमित अंगमोकळीक करणाऱ्या गटाच्या काठीचा वेग वाढला. स्नायू ताणून बराच वेळ धरून ठेवण्याचे व्यायाम मात्र फेरीच्या तोंडावर टाळावेत, असे नंतरच्या प्रयोगांवरून दिसते, कारण त्याने काठीचा वेग उलट घटतो. भरभर चालणे, नितंब व खांदे फिरवणे, मग आखूड फटक्यांपासून लांब फटक्यांकडे जाणे, हा क्रम पुरेसा आहे.

पटिंग या तयारीच्या आधी की शेवटी, यावर प्रशिक्षकांत एकमत नाही. शेवटी करण्याच्या बाजूने एक कारण जड आहे : हातात राहिलेली जोराची जाण लगेच कामी येते. ग्रीनवर आल्यावर प्रथम होल लक्ष्य न धरता तीन चेंडू चढावर, तीन उतारावर, तीन आडव्या उतारावर हिरवळीच्या कडेपर्यंत सोडावेत आणि ते कुठे थांबतात एवढेच पाहावे. नंतर एकच चेंडू घेऊन दर वेळी नव्या अंतरावरून, प्रत्यक्ष खेळात करू तशीच पाहणी करून मारावा. एकाच जागेवरून दहा चेंडू मारताना सुधारणा झाल्याचा भास होतो, परंतु अंतर बदलत केलेला सराव अधिक टिकतो, हे कौशल्यशिक्षणाच्या संशोधनात वारंवार दिसले आहे. अखेरचे काही पट दोन-तीन फुटांवरून, चेंडू आत पडल्याचा आवाज कानात ठेवून मारावेत.

नियमांमुळेही या दहा मिनिटांना महत्त्व येते. स्ट्रोक प्ले प्रकारात (एकूण फटके मोजून निकाल लागतो त्यात) फेरीपूर्वी मैदानावर सराव करता येत नाही. सरावासाठी राखलेल्या जागा आणि पहिल्या टीजवळचे पट वा चिप (ग्रीनजवळचा आखूड फटका) एवढीच मुभा असते. फेरी सुरू झाल्यावर, ज्या ग्रीनवर खेळायचे आहे तिचा वेग अजमावण्यासाठी तिच्यावर चेंडू घरंगळवणे किंवा पृष्ठभाग घासून पाहणे निषिद्ध आहे.