सायकलस्वाराची मुखपट्टी (पुणे)

साथीच्या रोगाच्या काळात सायकल चालवताना नाक व तोंड झाकण्याची रीत. पुणे शहरात २००९ मधील स्वाइन फ्लूच्या साथीत मुखपट्टी रस्त्यावर प्रथम ठळकपणे दिसू लागली. कोविड-१९ च्या साथीत एप्रिल २०२० पासून सार्वजनिक ठिकाणी ती बंधनकारक झाली आणि गुढीपाडव्यापासून (२ एप्रिल २०२२) राज्यभर ऐच्छिक ठरली. धूळ, धूर किंवा ऊन यांपासून बचाव म्हणून बांधल्या जाणाऱ्या स्कार्फचा विचार येथे उगमाच्या चर्चेपुरता केला आहे.

संज्ञा : बोलण्यात 'मास्क', शासकीय आदेशांत 'मास्क' किंवा 'मुखपट्टी', वृत्तपत्रांत दोन्ही. 'मुखवटा' हा कोशातला प्रतिशब्द या अर्थाने रुळला नाही. मुखवटा देवाचा असतो किंवा सोंगाचा, आणि तो एका चेहऱ्यावर दुसरा चेहरा चढवतो. 'मुखपट्टी' हा शब्द जैन परंपरेतील 'मुहपत्ती'वरून आला असावा, असे ध्वनिसाम्यामुळे वाटते. स्थानकवासी आणि तेरापंथी साधु-साध्वी मुहपत्ती दोऱ्याने तोंडावर बांधतात. मूर्तिपूजक पंथात ती हातात धरून बोलताना तोंडासमोर घेतात. परंतु 'पट्टी' हा मराठीत रोजच्या वापरातला शब्द असल्याने 'मुखपट्टी' स्वतंत्रपणे घडली असणे अधिक संभवनीय दिसते. शिवाय मुहपत्ती तोंड झाकते, नाक मोकळे ठेवते. हेतूत मात्र लक्षात घेण्याजोगे साम्य आहे. आपल्या उच्छ्वासाने हवेतील सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये, हा मुहपत्तीचा उद्देश; कोविडकाळातील कापडी मुखपट्टीचे मुख्य समर्थनही आपला उच्छ्वास दुसऱ्यापर्यंत पोहोचू नये हेच होते. थट्टेत 'मुसके' हा शब्दही ऐकू येई. मळणीच्या बैलाने कणसांना तोंड लावू नये म्हणून बांधायची जाळी ती मुसके, आणि चढावर धापा टाकणाऱ्या सायकलस्वाराला तो शब्द विशेष जवळचा वाटला असल्यास नवल नाही.

उगम : दुचाकीवर तोंड झाकण्याची पुणेरी सवय साथीतून आली की साथीआधीच होती, याबाबत दोन मते संभवतात. पहिल्या मतानुसार तिचे मूळ स्कार्फमध्ये आहे. ओढणी किंवा मोठा स्कार्फ डोक्यावरून घेऊन कपाळावर बसवायचा, दोन्ही टोके नाकावरून उलटसुलट नेऊन मानेमागे गाठ मारायची, डोळे तेवढे उघडे ठेवायचे, ही तऱ्हा पुण्यातील मुली व स्त्रियांमध्ये साधारणपणे विसाव्या शतकाच्या अखेरीस सार्वत्रिक झालेली दिसते. जोडीला कोपरापर्यंतचे हातमोजे आणि सनकोट. पुरुषांत त्रिकोणी घडीचा रुमाल चाले. ही रीत गिअर नसलेल्या स्कूटरींबरोबर वाढली असे सामान्यतः मानले जाते. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ मध्ये लुना बाजारात आणली, तिथपासून सायकलवरून मोपेडवर आणि मोपेडवरून स्कूटरवर असा या शहराचा प्रवास झाला. वेग आणि धूर एकदमच वाढले, त्यामुळे रीतीचे नेमके वर्ष ठरवण्यापेक्षा 'सायकलींचे शहर' ही ओळख विरत गेली त्या दोन-तीन दशकांत तिला ठेवणे सुरक्षित. स्कार्फ बांधण्यामागे ऊन आणि धूळ यांखेरीज ओळख लपवण्याची सोय हेही कारण सांगितले जाते. पुण्यात नव्याने आलेल्या पाहुण्याला हे दृश्य दरोडेखोरांच्या टोळीसारखे वाटते, हा विनोद जुना आहे.

दुसरे मत २००९ कडे बोट दाखवते. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी एच१एन१ इन्फ्लुएंझाची जागतिक साथ जाहीर केली. ३ ऑगस्ट रोजी या आजाराने भारतातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. पुढच्या काही दिवसांत शाळा, महाविद्यालये, चित्रपटगृहे बंद राहिली, डॉ. नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या, आणि औषधांच्या दुकानांतून मास्क संपल्यावर चौकाचौकांत ते विकायला आले. ज्यांना मिळाले नाहीत त्यांनी रुमालावर निलगिरीचे थेंब टाकून तो बांधला. धुळीचा रुमाल रोगासाठी वापरण्याचा हा पुण्यातील पहिला मोठा प्रसंग असावा. ही दोन मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. बांधण्याची सवय स्कार्फने दिली व कारण साथीने दिले, असे म्हणणे उपलब्ध माहितीशी अधिक जुळते.

हा धागा प्लेगपर्यंत मागे नेण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला तेव्हा घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या आणि घरांचे निर्जंतुकीकरण हे उपाय योजले गेले. त्यांच्या जाचातून उसळलेल्या रोषाचा शेवट २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर केलेल्या गोळीबारात झाला. गाठीचा प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो. हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. अशा रोगात तोंड झाकण्याला फारसा अर्थ नव्हता. प्लेगसाठी गॉझ व कापसाची मुखपट्टी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती १९१०-११ मध्ये मांचुरियात, डॉ. वू लिएन-तेह यांच्या आग्रहाने. तेथील प्लेग फुप्फुसाचा होता आणि श्वासातून पसरत होता.

नियम : महाराष्ट्र शासनाच्या ३१ मे २०२० च्या, टाळेबंदी शिथिल करणाऱ्या 'मिशन बिगिन अगेन' आदेशाने ३ जूनपासून पहाटे ५ ते सायंकाळी ७ या वेळेत मोकळ्या सार्वजनिक जागी चालणे, धावणे व सायकल चालवणे यांस परवानगी दिली. सायकलीमुळे परस्परांतील अंतर आपोआप राखले जाते, म्हणून व्यायामासाठी सायकलला प्रोत्साहन द्यावे, असेही त्या आदेशात नमूद होते. गटाने व्यायाम करण्यास मनाई होती. सार्वजनिक ठिकाणी मुखपट्टी सक्तीची होतीच, आणि रस्ता हे सार्वजनिक ठिकाण. पुण्यात विनामास्क फिरणाऱ्यास ५०० रुपये दंड होई. सप्टेंबर २०२० च्या आरंभी केंद्रीय आरोग्य सचिवांनी दिल्लीतील पत्रकार परिषदेत, एकट्याने सायकल चालवणाऱ्यासाठी मास्कची अशी कोणतीही सूचना मंत्रालयाने दिलेली नाही, दोघे-तिघे मिळून जात असतील तर मात्र मास्क व अंतर हवे, असे स्पष्ट केले. स्थानिक सक्ती आणि हे स्पष्टीकरण यांत सायकलस्वार अडकला. जागतिक आरोग्य संघटना तर जून २०२० पासूनच, व्यायाम करताना मास्क घालू नये, घामाने तो लवकर भिजतो आणि श्वास घेणे जड जाते, असे सांगत होती. मधल्या काळात, १४ ते २३ जुलै २०२० दरम्यान, पुण्यात पुन्हा कडक टाळेबंदी लागली, तेवढे दिवस हा प्रश्नच उरला नव्हता.

झडप असलेल्या एन-९५ चा प्रश्न वेगळा. धुरासाठी असे मास्क काही सायकलस्वार आधीपासून वापरत. झडपेतून उच्छ्वास न गाळता बाहेर पडत असल्याने ते वापरू नयेत, असे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जुलै २०२० मध्ये राज्यांना कळवले. घालणाऱ्याचे रक्षण होते, समोरच्याचे नाही, हा त्यातील मुद्दा.

श्वसन व वायुप्रवाह : विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणूस मिनिटाला सुमारे ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. मध्यम गतीने सायकल चालवताना हे प्रमाण ४०-६० लिटरपर्यंत जाते आणि सराव झालेला स्वार चढावर १०० लिटर ओलांडू शकतो. प्रवाह वाढला की कापडाचा विरोध वाढतो. उच्छ्वासातील बाष्प व घाम यांनी कापड ओले झाल्यावर छिद्रे अंशतः बुजतात आणि विरोध आणखी वाढतो. पावसाळ्यात सिंहगड पायथ्यापर्यंतही कोरडी मुखपट्टी नेणे कठीण.

कार्यक्षमतेवरील परिणामाबाबत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले दोन प्रयोग वारंवार उद्धृत होतात. लाइपझिग येथील प्रयोगात १२ निरोगी पुरुषांना स्थिर सायकलवर विनामास्क, शस्त्रक्रियेचा मास्क व एफएफपी२ (एन-९५ सारखा, युरोपीय दर्जाचा) मास्क अशा तीन स्थितींत तपासले. एफएफपी२ मुळे कमाल प्राणवायू-ग्रहण (शिखर श्रमात शरीर घेऊ शकते तो प्राणवायू) सुमारे १३ टक्के घटल्याचे आढळले. कॅनडातील सस्कॅचवान विद्यापीठाच्या प्रयोगात १४ जणांनी थकून थांबेपर्यंत सायकल चालवली. शस्त्रक्रियेचा किंवा तीन पदरी कापडी मास्क असूनही टिकण्याचा काळ आणि रक्तातील प्राणवायू यांत उल्लेखनीय फरक पडला नाही. हे निष्कर्ष दिसतात तितके विसंगत नाहीत. एक तर मास्कचे प्रकार वेगळे, आणि लाइपझिगला मास्कवर श्वासमापनाचा दुसरा हवाबंद मुखवटा बसवला होता. रुमाल-स्कार्फ बांधणाऱ्या पुणेकराला सस्कॅचवानचा निष्कर्ष जवळचा म्हणावा लागेल. दोन्ही प्रयोग बंद खोलीतले असल्याने वाऱ्याचा विचार त्यांत नाही.

वाऱ्याबाबतचा वाद एप्रिल २०२० मध्ये बेल्जियम-नेदरलँड्समधील अभियंता बर्ट ब्लोकेन यांच्या संगणकीय अभ्यासाने पेटला. पुढच्याच्या मागोमाग जाणाऱ्याला त्याच्या उच्छ्वासातील थेंब लागू नयेत म्हणून चालताना ४ ते ५ मीटर, धावताना व संथ सायकलीवर १० मीटर, वेगवान सायकलीवर २० मीटर अंतर त्यांनी सुचवले. तज्ज्ञांच्या समीक्षणाआधीच हा अभ्यास प्रसृत झाला म्हणून, तसेच थेंब पोहोचणे म्हणजे संसर्ग होणे नव्हे म्हणून, त्यावर टीका झाली. ती रास्त दिसते. तरी मूळ निरीक्षण खोटे नाही. ताशी १८ किमी वेगाने जाणाऱ्याचा उच्छ्वास सेकंदाला ५ मीटर मागे पडतो आणि त्याच्या पाठीमागच्या प्रवाहात मिसळतो. मोकळ्या रस्त्यावर तो लगेच विरळ होतो. चाकाला चाक लावून जाणाऱ्या टोळीत मागच्याला तो मिळतो. बोपदेव किंवा दिवे घाटाच्या चढावर वेग ताशी ८-१० किमीवर येतो, पाठीमागून तेवढाच वारा असेल तर स्वाराभोवतीची हवा जवळजवळ स्थिर राहते, आणि श्वास नेमका तेथेच सर्वांत जोरात चालतो. सिग्नलला थांबलेल्या सायकलीचीही हीच गत, फक्त श्वास हळू आणि शेजारची गर्दी दाट. या दृष्टीने पाहता मुखपट्टीचा उपयोग वेगात कमी व थांब्यावर अधिक.

प्रत्यक्ष वापर : खडकवासला, पाषाण, लवळे या बाजूंना पहाटे जाणाऱ्यांत गळ्यात अडकवायचा नळीसारखा 'बफ' प्रचलित झाला, माणूस किंवा पोलीस दिसला की तो नाकावर ओढता येई. बाकीच्यांची मुखपट्टी हनुवटीवर. चष्मा असणाऱ्यांच्या काचांवर वाफ धरे. हौशी स्वारांविषयी बरेच लिहिले गेले. पेपरवाले, दूधवाले, सुरक्षारक्षक अशा कामासाठी सायकल चालवणाऱ्यांविषयी नोंदी तुरळक आहेत. एप्रिल २०२० मध्ये पुण्यात घरोघरी वृत्तपत्रे टाकण्यास मनाई होती. ७ जूनपासून ती उठली आणि पहाटेच्या सायकलींवर मुखपट्टी बांधलेले पेपरवाले परतले.

सक्ती उठल्यानंतर सायकलस्वारांतील मुखपट्टी झपाट्याने कमी झाली. मेट्रोची कामे चालू असलेल्या रस्त्यांवर ती पुढेही दिसत राहिली, धुळीसाठी.