४२९४९६७२९७

४२९४९६७२९७ (४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७) ही २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येणारी विषम संख्या. द्विमान पद्धतीत ती लिहिली तर दोन्ही टोकांना १ आणि मध्ये ३१ शून्ये दिसतात. शून्यापासून क्रम मोजला तर ही पाचवी फर्मा संख्या (घातांक स्वतः २ चा घात असताना २ च्या त्या घातात १ मिळवून येणारी संख्या).

घातांक स्वतःच २ चा घात असेल, तर २ च्या त्या घातात १ मिळवल्यावर दरवेळी मूळ संख्याच मिळते, अशी फ्रेंच गणिती फर्मा यांची १६४० मध्ये धारणा होती. ३, ५, १७, २५७, ६५५३७ इथपर्यंत ती खरी ठरते. गणिती गोल्डबाख यांनी १७२९ मध्ये पत्रातून हा प्रश्न गणिती ऑयलर यांच्यापुढे ठेवला आणि १७३२ मध्ये ऑयलर यांनी पुढच्याच संख्येचे अवयव पाडून दाखवले : ६४१ × ६७००४१७. हे दोन्ही अवयव मूळ आहेत.

६४१ ने भाग जातो हे प्रत्यक्ष भागाकार न करताही पटते, आणि ती सिद्धता फार देखणी आहे. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. म्हणून ६४१ ने भागताना ५ × १२८ च्या जागी −१ धरता येतो. चौथा घात घेतला की ६२५ × (२ चा २८ वा घात) याची बाकी १ येते. पण ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा. तेव्हा ६२५ च्या जागी −१६ घाला. १६ हा २ चा चौथा घात, म्हणून २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ उरते. त्यात १ मिळवला की शून्य.

एवढा लहान अवयव फर्मांच्या नजरेतून कसा सुटला, याचे नवल वाटते. शिवाय त्यांच्याच प्रमेयावर आधारलेली एक कसोटी आहे : संख्येहून १ ने लहान असा घातांक घेऊन एखाद्या लहान पायाचा घात काढायचा आणि त्याला त्या संख्येने भागायचे; संख्या मूळ असेल तर बाकी १ येते. ही कसोटी पाया २ घेऊन लावली, तर ही संख्या मूळ असल्यासारखीच वागते. पाया ३ घेतला की मात्र तिचे संयुक्तपण लगेच उघडे पडते. त्यासाठी ३ पासून सुरुवात करून ३२ वेळा वर्ग करायचा आणि दरवेळी बाकी ठेवायची. हे काम कागदावरही होण्यासारखे आहे.

मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता आली, तर एकाच प्रकारे येते. ही दोन प्रकारे येते : ६५५३६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज, तसेच ६२२६४ आणि २०४४९ यांच्या वर्गांची. अवयव ठाऊक नसले तरी एवढ्यावरून ती मूळ नाही हे ठरते.

तिच्याहून २ ने लहान असलेली ४२९४९६७२९५ ही आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा गुणाकार आहे. संगणकाच्या ३२ बिटांत चिन्हाविना मावणारी सर्वांत मोठी संख्याही तीच. गणिती गाउस यांच्या कामावरून कळते की तितक्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी आणि कंपास एवढ्यावर काढता येतो. विषम बाजूंचा याहून मोठा असा बहुभुज हवा असेल, तर सहावी मूळ फर्मा संख्या सापडायला हवी. ५ ते ३२ क्रमांकांच्या सगळ्या फर्मा संख्या संयुक्त निघाल्या आहेत.