नॅरोबोट सात फूटच रुंद का असते?

लंडनला कॅम्डन किंवा लिटल व्हेनिसला फिरून आलेल्यांच्या फोटोत त्या लांबलचक रंगीत बोटी, म्हणजे नॅरोबोट, हमखास दिसतात, छपरावर कुंड्या, सायकल, लाकडाचा ढीग आणि धूर सोडणारं छोटंसं धुराडं. बघून वाटतं कुणातरी हौशी माणसाची आयडिया असणार. पण नाही हो, या बोटींवर संसार थाटायची सुरुवात पैसे पुरेनात म्हणून झाली.

गोष्ट सुरू होते कोळशापासून. १७६१ मध्ये ब्रिजवॉटरच्या ड्यूकने वर्स्लीच्या आपल्या खाणींमधून मँचेस्टरकडे कालवा काढला, इंजिनीअर होता जेम्स ब्रिंडली, आणि शहरात कोळसा एकदम स्वस्त झाला. मग सगळ्यांनाच कालवा हवासा झाला. त्यात जोसाया वेजवुड हा चिनीमातीच्या भांड्यांचा कारखानदार पुढे, कारण खड्ड्यांच्या रस्त्यावरून भांडी नेली की फुटायची, पाण्यावरून नेली तर धक्का नाही. १७६६ मध्ये ट्रेंट अँड मर्सी कालव्याची पहिली कुदळ त्यानेच मारली.

आता खरी गंमत. या कालव्याला चढउतारासाठी लॉक हवेत, म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेले हौद, बोट आत घ्यायची, पाणी भरून किंवा सोडून तिला वरखाली करायचं. शिवाय हेअरकॅसलच्या डोंगरातून अडीच किलोमीटरपेक्षा लांब बोगदा खणायचा होता. लॉक जितका रुंद तितकं पाणी जास्त जाणार, बोगदा जितका रुंद तितका खर्च. म्हणून ब्रिंडलीने लॉक साधारण ७२ फूट लांब आणि जेमतेम ७ फूट रुंद ठेवले. झालं, पुढे मिडलँड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडातल्या, बऱ्याच कालव्यांनी तेच माप घेतलं आणि बोटीची रुंदी कायमची ठरून गेली. बोट ओढायला काठावरून घोडा चालायचा, पण बोगद्यात त्याला चालायला वाटही ठेवली नव्हती, घोडा डोंगरावरून जायचा आणि माणसं बोटीवर पाठीवर झोपून भिंतीला पाय रेटत बोट पुढे ढकलायची, अंधारात, तासन् तास. हे वाचल्यापासून मला ती रंगीत बोट नुसती गोड वाटत नाही.

सुरुवातीला बोटीवाल्यांची घरं काठावर असायची. मग १८३० नंतर रेल्वे पसरली, बोटींना मालवाहतुकीचे मिळणारे दर घसरले, आणि पगारी खलाशी ठेवणं परवडेना, घराचं भाडंही झेपेना, तेव्हा बायकोमुलं बोटीवर आली. २५-३० टन माल वाहणाऱ्या बोटीत माणसांच्या वाट्याला मागची दहा बाय सातची केबिन. त्यात शेगडी, दुमडून ठेवायचा पलंग, कपाटाचं दार खाली पाडलं की तेच टेबल. तेवढ्या जागेत बाळंतपणंसुद्धा व्हायची. गुलाब आणि किल्ले रंगवायची ती प्रसिद्ध चित्रकला, पितळी कड्या घासून चकचकीत ठेवणं, हे सगळं याच केबिनचं. पोरं घोड्याबरोबर चालायची, शाळा कुठली. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ या समाजसुधारकाने यावर इतका आवाज उठवला की १८७७ मध्ये कायदा झाला, बोटींची नोंदणी, केबिनमध्ये किती माणसं राहायची याची मर्यादा आणि मुलांच्या शाळेचा विचार त्यात आला.

१९४८ मध्ये बहुतेक कालवे सरकारकडे गेले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि आधीच मोडकळीला आलेली मालवाहतूक जवळजवळ संपली. पण तोवर दुसरंच काही सुरू झालं होतं. टॉम रोल्ट नावाचा इंजिनीअर १९३९ मध्ये बायकोसोबत 'क्रेसी' बोटीवर राहायला गेला, त्या प्रवासावरचं त्याचं पुस्तक १९४४ ला आलं, ते वाचून रॉबर्ट आइकमन या लेखकाने त्याला गाठलं आणि १९४६ मध्ये कालवे वाचवण्यासाठी इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही संघटना उभी राहिली. पुढे दोघांचं फाटलं, पण लोक मात्र शनिवार-रविवार फावडी घेऊन बुजलेले कालवे उपसत राहिले. केनेट अँड एव्हन कालवा १९९० मध्ये पुन्हा खुला झाला तो या लोकांच्या चिकाटीमुळे, आणि मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात मोठं काम हेच वाटतं.

आज इंग्लंड-वेल्समधलं साधारण २,००० मैलांचं जाळं २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. बोट बांधायला कायमची जागा नसेल तर १९९५ च्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे १४ दिवसांपेक्षा जास्त एका ठिकाणी थांबता येत नाही. लंडनमध्ये घरभाडं झेपत नाही म्हणून बोटीवर आलेली बरीच कुटुंबं आहेत आणि दर दोन आठवड्यांनी बोट हलवताना पोरांची शाळा कशी सांभाळायची हा त्यांचा रोजचा प्रश्न आहे.