केसादिया

केसादिया हा तोर्तियात, म्हणजे मक्याच्या किंवा गव्हाच्या पातळ पोळीत, चीज घालून, ती दुमडून तव्यावर भाजण्याचा मेक्सिकोतील घरगुती पदार्थ आहे. मक्याची तोर्तिया तेथे स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून होती. दुभती गुरे आणि चीज मात्र १६ व्या शतकात स्पॅनिश सत्तेबरोबर आले.

घरी केलेल्या केसादियाचा कस सारणापेक्षा तोर्तियात लागतो. मक्याचे वाळलेले दाणे खाण्याच्या चुन्याच्या पाण्यात थोडे शिजवून रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी सैल झालेली साले धुऊन काढतात आणि दाणे ओलेच वाटतात. अशी प्रक्रिया केलेल्या मक्याला निश्तमाल आणि वाटलेल्या गोळ्याला मासा म्हणतात. चुन्यामुळे दाण्यातील काही घटक विरघळून चिकटपणा येतो, म्हणून ग्लूटेन नसतानाही मासा लाटीसारखा वळतो आणि भाजल्यावर दुमडता येतो. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्वही यामुळेच शरीराला मिळू शकते. ही पद्धत न उचलता केवळ मका स्वीकारणाऱ्या प्रदेशांत, उदाहरणार्थ उत्तर इटलीत, पेलाग्रा हा रोग पसरला होता. आपल्याकडील मक्याचे साधे पीठ या कामाला येत नाही. त्याची भाकरी होते, पण ती दुमडताना चिरते. त्याऐवजी मासा वाळवून केलेले ‘मासा हारिना’ हे पीठ कोमट पाण्यात मळून, अर्धा तास झाकून ठेवून वापरावे. सोनोरा, चिवावा अशा उत्तरेकडील राज्यांत गव्हाच्या तोर्तियाच रूढ आहेत, त्यामुळे गव्हाची पोळी वापरणे ही तडजोड ठरत नाही.

चीज वितळून तार धरणारे हवे. वाहाका राज्यातील, लोकरीच्या गुंडीसारखे गुंडाळलेले केसियो यासाठी सर्वांत प्रसिद्ध आहे. उत्तरेत चिवावा चीज वापरतात, जे १९२२ पासून तेथे स्थायिक झालेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी रुजवले. केसियोप्रमाणेच गरम पाण्यात ताणून केले जात असल्याने मोत्झारेला त्याची जागा बऱ्यापैकी घेते. ओलसर असल्यास मात्र ते आधी निथळून घ्यावे. पनीर येथे निरुपयोगी आहे, कारण उकळत्या दुधात आंबट घालून फाडलेला चोथा कितीही तापवला तरी वितळत नाही, नुसता कोरडा पडतो.

भाजण्यासाठी मातीचा किंवा लोखंडी, कोमाल नावाचा सपाट तवा असतो. आपला बिडाचा तवा त्याच कामाचा आहे. तोर्तिया आधी दोन्ही बाजूंनी शेकून मग अर्ध्या भागावर चीज पसरावे, दुमडावे आणि आच मध्यमाहून कमी करून चीज कडेपर्यंत पोचू द्यावे. आच मोठी असली तर बाहेर करपते आणि आत चीज घट्टच राहते. तेलाची गरज नसते. मक्याच्या कच्च्या ‘मासा’ गोळ्याची पारी करंजीसारखी भरून तेलात तळण्याचा प्रकारही आहे आणि मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवर तो सर्रास मिळतो.

सारणात भोपळ्याची फुले, अळंबी, भाजलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या आणि पावसाळ्यात कणसावर वाढणारी काळी बुरशी, म्हणजे वित्लाकोचे, हे खास मेक्सिकन पदार्थ येतात. चिजाबरोबर एपासोते या उग्र वासाच्या पाल्याची दोन पाने घालतात. भोपळ्याची फुले महाराष्ट्रात भज्यांसाठी वापरली जातातच, त्यामुळे ती मिळवणे अवघड नाही. फुले व अळंबी आधी परतून पाणी आटवून घ्यावे लागते, नाहीतर तोर्तिया भिजून फाटते.

केसादियात चीज असलेच पाहिजे का, हा मेक्सिको सिटी आणि उर्वरित देश यांच्यातील जुना वाद आहे. राजधानीत अळंबी वा बटाट्याची केसादिया चिजाविनाही मिळते आणि ‘चीज घालू का?’ असे विक्रेता विचारतो. अन्यत्र हा प्रश्नच विनोदी समजला जातो. दोन गव्हाच्या तोर्तियांमध्ये हॅम व चीज घालून भाजलेल्या प्रकाराला सिंक्रोनिसादा म्हणतात. एल साल्वादोरमधील केसादिया हा चीज घातलेला, बहुधा तांदळाच्या पिठाचा, वर तीळ लावलेला गोड केक असून त्याची कृती सर्वस्वी वेगळी आहे.