मुरलेला सिगार आणि वाळलेला सिगार

"तीन वर्षं कपाटात होता, आता मस्त मुरला असेल." दुबईहून भाच्याने आणलेला सिगारचा डबा नागपुरात उघडला की हे वाक्य हमखास कानावर येतं. पेटवल्यावर तो हलका लागतो, ठसका बसत नाही, आणि सगळ्यांची खात्री पटते. गोची तिथेच आहे. मुरलेला सिगार हलका लागतो आणि वाळलेलाही. मुरलेल्यातला तिखटपणा गेलेला असतो, वाळलेल्यातली चवच उडालेली असते. (हलका म्हणजे कमी घातक, असा हिशेब मात्र खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या, या गावात तरी कुणी करू नये. धूर तंबाखूचाच असतो. तोंडाच्या कर्करोगाचा धोका काही मुरत नाही.)

तंबाखूच्या पानाचं आंबणं कारखान्यात पूर्ण थांबत नाही, मंद गतीने पुढे चालूच राहतं. अमोनियाचा दर्प हळूहळू जातो, घशाला टोचणारा कडवटपणा मवाळ होतो, आतल्या वेगवेगळ्या पानांच्या चवी एकमेकींत मिसळतात. पण त्यासाठी पानात ओल टिकावी लागते. हवेत साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान, हे त्याचं मानवणारं हवामान.

आता आपला मे महिना बघा. पारा ४५ च्या आसपास, त्यात नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यांत तापलेले नऊ दिवस. कूलर लावला की खोली दमट, बंद केला की थोड्याच वेळात पुन्हा कोरडी ठण्ण. उघड्या कपाटातला सिगार हे सगळं झेलत आक्रसतो, फुगतो, परत आक्रसतो. पाणी जातं आणि त्याच्याबरोबर सुगंधी तेलंही जातात. पावसाळ्यात पाणी परत येतं, तेलं येत नाहीत. त्यामुळे मे महिन्यात वाळलेला सिगार पकडणं सोपं, ऑगस्टमध्ये अवघड. तेव्हा तो हाताला छान मऊ लागतो आणि आतून रिकामा असतो.

डब्याच्या तारखेचाही फारसा उपयोग नाही. क्युबन डब्यांच्या बुडाला १९८५ पासून कारखान्याचा संकेत आणि महिना-वर्ष यांचा शिक्का असतो. त्यावरून वय कळतं. ती वर्षं डबा कुठे पडून होता, ते कळत नाही. भंडाऱ्याचा जुना चिन्नोर तांदूळ कोठीत राहिला तर भात मोकळा होतो, गच्चीवर राहिला तर किडे होतात. वय दोघांचं सारखंच.

म्हणून परीक्षा न पेटवता सुरू करायची. अंगठा आणि तर्जनीत धरून हलकंच दाबा. मुरलेला किंचित दबतो आणि परत वर येतो. वाळलेला करकरतो, वरच्या पानाला बारीक चिरा दिसतात. मग टोक कापून, काडी न ओढता, एक कोरडा झुरका घ्या. मुरलेल्यात वाळल्या गवताचा, मनुकांचा, डब्याच्या लाकडाचा वास जिभेपर्यंत येतो. हे लाकूड म्हणजे स्पॅनिश सीडर, आपल्या कडुनिंबाच्याच कुळातलं. वाळलेल्यातून येते नुसती हवा आणि जुन्या वहीचा वास. माझ्या मते अर्धा निकाल इथेच लागतो.

पेटवल्यावर मिनिटाला एक झुरका पुरे. धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडात फिरवून थोडा नाकावाटे सोडायचा. मुरलेल्याची चव टप्प्याटप्प्याने बदलते आणि धूर सोडल्यावरही रेंगाळते. वाळलेला भराभर जळतो, धूर गरम होतो, अर्ध्यावर येईपर्यंत जीभ चरचरते, आणि चव पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसुरी. राख पांढरी पडली म्हणून सिगार उत्तम, हे सोडून द्या. राखेच्या रंगाचा संबंध पानातल्या खनिजांशी असतो, वयाशी नाही. पानावर पांढरी लव दिसली तर ती बहुतेक वेळा बुरशीच, मग विकणारा तिला 'मुरल्याची खूण' का म्हणेना.

एक घोळ मात्र उरतोच. मुळातच सौम्य असलेला सिगार फार वर्षं ठेवला तर नीट सांभाळूनही फिका पडतो. तो वाळलेला नसतो, त्याची वेळ निघून गेलेली असते. तिथे दाबून काही कळत नाही. ताजा आणि जुना असे एकाच जातीचे दोन सिगार एकाच हवाबंद डब्यात महिनाभर ठेवायचे, दोघांची ओल सारखी करायची आणि मग ओढून बघायचे. मग जो फरक उरतो तो बव्हंशी वयाचा.

वाळलेला सिगार वाचवायचा असेल तर घाई नको. ओला कापूस ठेवून रात्रीत सुधारायला गेलात तर पान फुगून फाटतं. हवाबंद डब्यात ६२ टक्क्यांचं आर्द्रता राखणारं पाकीट ठेवा, दोन-तीन आठवड्यांनी ६५ चं, आणि डबा घरातल्या सर्वांत थंड खोलीत. उन्हाळ्यात पारा २४-२५ च्या वर राहिला तर पानातली तंबाखूच्या किड्याची अंडी फुटतात आणि वरच्या पानाला टाचणीएवढी भोकं पडतात. एवढं करून महिन्याभराने कोरड्या झुरक्यात पुन्हा वहीचाच वास आला, तर पेटवायच्या भानगडीत पडू नका.