एका डोळ्याचा कीस आणि कानांनी पाहणारं वटवाघूळ

निन्टेंडो या व्हिडिओगेम कंपनीची ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ ही गेममालिका १९८६ साली जपानमध्ये सुरू झाली आणि आजही तिचे नवे भाग येतात. लिंक हा तिचा नायक. तो तलवार घेऊन भुयारात उतरला की अंधारातून फडफडत अंगावर येणाऱ्या शत्रूंमध्ये ‘कीस’ जवळपास ठरलेलाच. कीस म्हणजे वटवाघूळ. जीव एवढासा, एका वारात खलास. पण उडतो इतका वेडावाकडा की वार चुकतो, आणि तेवढ्यात तो लिंकला धडकून जातो. नाशिकमध्ये सुट्टीत हा गेम खेळणारी मुलं मी पाहिली आहेत. कीस दिसला की ती वैतागतात. मोठ्या राक्षसापेक्षा हा छोटा शत्रू जास्त छळतो, असं त्यांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

या मालिकेचे एक जनक शिगेरू मियामोतो लहानपणी क्योटोजवळच्या सोनोबे गावी डोंगरात भटकत. तिथे त्यांना एक गुहा सापडली आणि कंदील घेऊन ते आत गेले, ही आठवण त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. नाशिकच्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पांडवलेणी शहराला लागून आहे, म्हसरूळची चांभारलेणी आहे, अंजनेरीवर गुहा आहेत, किल्ल्यांवर कातळात खोदलेली टाकी आहेत. अशा ठिकाणी छताच्या काळोख्या कोपऱ्यातून काहीतरी सुटतं आणि डोक्यावरून सर्रकन जातं, हा अनुभव इथल्या बऱ्याच जणांच्या गाठीशी असतो. मला या गेमचं कौतुक वाटतं ते इथे. वटवाघळाचं शरीर आणि त्याची हालचाल त्यात बारकाईनं उतरली आहे. चुकलाय तो त्या हालचालीचा अर्थ.

कीसची झेपच घ्या. १९९८च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’मध्ये तो छताला लटकलेला असतो. लिंक जवळ गेला की सुटतो आणि खाली झेपावतो. खरं वटवाघूळही असंच सुटतं, पण कुणावर चालून जाण्यासाठी नाही. त्याचे मागचे पाय बारीक असतात आणि गुडघे मागच्या बाजूला वळलेले. लटकताना पायातली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, शरीराच्याच वजनानं ताणली जाते आणि पकड आपोआप घट्ट होते, त्यामुळे झोपेतसुद्धा ते पडत नाही. मात्र याच पायांवर धावत जाऊन उड्डाण घेणं बहुतेक जातींना जमत नाही. पकड सोडायची, काही फूट खाली पडायचं, पडताना वेग मिळवायचा, मग पंख पसरून वर उठायचं, अशी त्यांची रीत. लेण्याचं छत दहा-बारा फुटांवर असेल आणि खाली आपण टॉर्च मारत उभे असू, तर या पडण्याचा सर्वात खालचा टप्पा नेमका आपल्या डोक्याच्या उंचीवर येतो. आपल्याला तो हल्ला वाटतो. बिचारं पळून जात असतं.

त्याचं वेडंवाकडं उडणंही असंच. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हात. छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली बोटं आणि त्यांच्यावर ताणलेली पातळ कातडी. प्रत्येक सांधा वेगळा वाकतो, त्यामुळे उडता उडता पंखाचा आकार बदलून ते क्षणात दिशा बदलू शकतं. समोरचा पतंग वळला की तेही वळतं. कित्येक जाती किडा पंखानं किंवा शेपटीच्या पडद्यानं ओढून घेतात आणि उडतानाच तोंडात टाकतात. संध्याकाळी गोदाकाठी किंवा गंगापूर धरणाच्या कडेला आपण उभे असतो तेव्हा डासांचा थवा आपल्या डोक्यावर जमतो आणि वटवाघूळ त्या थव्यासाठी येतं. ते केसांत अडकेल ही भीती पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. अंधारात माणसाच्या केसाएवढी बारीक तार टाळून जाणारं ते, डोक्यावर कशाला आदळेल?

आता डोळ्याकडे येऊ. २०१७च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये कीसला मधोमध एकच मोठा डोळा आहे, आणि तो मेला की डोळा वस्तू म्हणून हाती लागतो. २०२३च्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये हा डोळा बाणाला जोडता येतो. मग बाण स्वतःच वळून भक्ष्याचा पाठलाग करतो. खेळणाऱ्याला हे फार उपयोगी पडतं. अंधारात हलत्या भक्ष्याचा अचूक पाठलाग करणं हा वटवाघळाचा खरोखरचा गुण आहे आणि गेमनं तो नेमका हेरला. फक्त तो डोळ्यात ठेवला. खरं तर तो कानात आणि गळ्यात असतो.

हे कळायला माणसाला जवळजवळ दीडशे वर्षं लागली. १७९३च्या सुमाराला इटलीतले शास्त्रज्ञ लाझारो स्पालान्झानी यांच्या लक्षात आलं, की मेणबत्ती विझली तर पाळलेलं घुबड भिंतींना धडकतं, वटवाघूळ मात्र सहज उडत राहतं. त्यांनी वटवाघळांचे डोळे निकामी करून पाहिलं. आज वाचताना हा प्रयोग अंगावर येतो. अशी आंधळी केलेली वटवाघळं सोडून दिली आणि नंतर पुन्हा पकडून तपासली, तेव्हा त्यांच्या पोटात डोळस वटवाघळांइतकेच किडे होते. जिनिव्हाच्या लुई झ्युरीन यांनी कानात बोळे घातले, तर तीच वटवाघळं अडथळ्यांवर आदळू लागली. म्हणजे ती कानांनी पाहत होती. पण ऐकतात तरी काय? त्यांच्या उडण्याचा आवाज तर कुणाला येत नव्हता. उत्तर नसल्यानं निष्कर्षच नाकारला गेला. फ्रान्सचे कुव्हिए यांच्यासारख्या मातब्बर शास्त्रज्ञानं स्पर्शज्ञानाचा पक्ष घेतला आणि विषय मिटल्यासारखा झाला.

१९३८ साली हार्वर्डमधले विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन आपली वटवाघळं घेऊन जॉर्ज पिअर्स या भौतिकशास्त्रज्ञाकडे गेले. माणसाला न ऐकू येणारे आवाज टिपणारं यंत्र पिअर्स यांच्याकडे होतं. यंत्रासमोर पिंजरा धरला आणि ते खडखडू लागलं. ‘गप्प’ वाटणारी वटवाघळं सतत ओरडत होती. पुढे ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलम्बॉस यांनी दाखवून दिलं, की कान बंद करा किंवा तोंड बंद करा, परिणाम एकच होतो, वटवाघूळ तारांवर आदळतं. स्वतःच काढलेल्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून ते वाट काढतं.

माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा, म्हणजे सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तोही तरुणपणी. वटवाघळांचे बहुतेक आवाज त्याच्या वरचे. इतका उंच स्वर कशासाठी? हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. ५० किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी भागाकार केला की ७ मिलिमीटरच्या आसपास येते, म्हणजे जवळपास एका लहान किड्याएवढी. तरंग त्याहून फार मोठा असेल तर बारक्या किड्यावरून जेमतेम परततो. किडा जितका लहान, तितका स्वर उंच हवा.

वेळेचा हिशेब तर मला प्रत्येक वेळी नव्यानं थक्क करतो. पतंग १.७ मीटरवर असेल तर आवाजानं तिथवर जाऊन परत यायचं अंतर ३.४ मीटर. त्याला लागतो सेकंदाचा फक्त शंभरावा भाग. शोधात असलेलं वटवाघूळ सेकंदाला दहाच्या आसपास हाका देतं. भक्ष्य सापडलं की हाका जवळ येत जातात आणि शेवटच्या क्षणी काही जाती सेकंदाला दीडशेच्या वर पोचतात. त्यासाठी त्यांच्या स्वरयंत्रात असे स्नायू आहेत, की सस्तन प्राण्यांमध्ये त्यांच्या इतके वेगवान दुसरे माहीत नाहीत. हाक इतकी मोठी असते की स्वतःचेच कान बधिर व्हावेत, म्हणून ओरडताना मधल्या कानातला एक छोटा स्नायू आवळला जातो आणि प्रतिध्वनी येईपर्यंत पुन्हा सैल होतो. घोड्याच्या नालासारखं नाक असलेली वटवाघळं आणखी पुढे गेली आहेत. उडण्याच्या वेगानं परतणाऱ्या प्रतिध्वनीचा स्वर चढतो, म्हणून तेवढ्याच मापानं ती आपली हाक उतरवतात. प्रतिध्वनी मग त्यांच्या कानाच्या सर्वात तीक्ष्ण पट्टीत येऊन बसतो.

पतंगांनीही यावर तोड काढली आहे. अनेकांना वटवाघळाची हाक ऐकू येते आणि ती जवळ आली की ते स्वतःला खाली झोकून देतात. अमेरिकेतली वाघपतंगाची एक जात तर उलट इतके खटके वाजवते की वटवाघळाच्या प्रतिध्वनीत गोंधळ माजतो. झेल्डाच्या निर्मात्यांनी हे कधी वापरलं तर बहार येईल. अंधारं भुयार, आंधळा कीस, आणि लिंकच्या हातात तलवारीऐवजी नेमक्या क्षणी वाजवायचं एखादं वाद्य. आधीच हातात ओकारिना हे फुंकवाद्य घेऊन हिंडलेल्या नायकाला ते शोभेलही.

सगळी वटवाघळं अशी नसतात. वड-पिंपळावर दिवसा उलटी लटकून कलकलाट करणारी मोठी फळखाऊ वटवाघळं प्रतिध्वनीवर चालत नाहीत. त्यांचे डोळे मोठे असतात आणि अंधुक उजेडात उत्तम चालतात. गुहांमध्ये राहणारी एक मध्यम आकाराची फळखाऊ जात जिभेनं टकटक करून वाट काढते, पण ती रीत निराळी. म्हणजे डोळ्याचा कीस हवाच असेल तर त्याची जागा भुयारात नाही, वडावर आहे. रक्त पिणाऱ्या तीन जाती फक्त अमेरिका खंडात, मेक्सिकोपासून दक्षिणेकडे सापडतात. जगात वटवाघळांच्या १,४००च्या वर जाती आहेत. त्यांतल्या या तिघींनी बाकी सगळ्यांना बदनाम केलं.

गेममध्ये कीसचे प्रकारही आहेत. विजेच्या कीसला निसर्गात आधार नाही. बर्फाच्या कीसला थोडा आहे. थंड देशांतली वटवाघळं हिवाळ्यात शरीर गार पडू देतात आणि हृदयाचे ठोके अगदी कमी करून महिनोन्‌महिने काढतात. आगीच्या कीसपाशी मात्र मी थबकतो. गेममध्ये तो पेटलेला असतो आणि लिंकची लाकडी ढाल जाळून टाकतो. खऱ्या जगात जळतात ती वटवाघळंच. नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात केर्न्सच्या परिसरात पारा ४२ अंशांवर गेला आणि दोन दिवसांत सुमारे २३,००० फळखाऊ वटवाघळं मेली. झाडाला लटकणाऱ्या या प्राण्यांना उन्हापासून पळता येत नाही. ती पंखांनी वारा घेतात, अंगाला थुंकी लावतात, धापा टाकतात, आणि तेही पुरलं नाही की पडतात. नाशिकचा उन्हाळाही आता चाळिशी ओलांडतो. रस्ता रुंदावताना जुना वड तोडला, तर त्यावरच्या वटवाघळांची सावली जाते, आणि तेवढी गर्द सावली देणारं झाड पंधरा-वीस वर्षांत उभं राहत नाही.

नाशिककरांचा त्यांच्याशी खरा झगडा द्राक्षबागेत आहे. घड गोड झाले की फळखाऊ वटवाघळं रात्री येतात आणि बागाईतदाराला जाळी लावावी लागते. हे नुकसान खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हीच वटवाघळं वड, उंबर, जांभळाच्या बिया दूरवर टाकतात. पेठ-सुरगाण्याकडे ज्या मोहावर घरं चालतात, त्याच्या परागीभवनात आणि बियांच्या प्रसारातही त्यांचा वाटा आहे. किडे खाणाऱ्या जातींचा हिशेब तर सरळ शेतकऱ्याच्या बाजूचा. अमेरिकेत टेक्सासच्या गुहांमधून निघणारे लाखो वटवाघळांचे लोट मक्याची कणसं आणि कापसाची बोंडं पोखरणाऱ्या अळीचे पतंग खातात. तिची सख्खी बहीण आपल्याकडे हरभऱ्यावर घाटे अळी म्हणून आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी म्हणून येते. तिच्यावर दरवर्षी किती फवारण्या होतात, हे पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटो आणणाऱ्या कुणालाही विचारा.

१९७२च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळं उंदीर-घुशींच्या रांगेत, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. म्हणजे कुणीही मारावं. ती अनुसूची २०२२च्या दुरुस्तीत काढली गेली. पन्नास वर्षं लागली.

धोका अजिबात नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतून २०२०मध्ये घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली होती. म्हणून गुहेत खोलवर शिरून त्यांना हुसकू नये, त्यांनी कुरतडलेलं फळ खाऊ नये.

घरात वटवाघूळ शिरलं तर काय करायचं, हे नाशिकमध्ये बरेच जण विचारतात. पंखा आधी बंद करा, कारण फिरत्या पात्यांचा अंदाज त्याला येत नाही. दिवे घालवा, बाहेरच्या खिडक्या आणि दार पूर्ण उघडा, आतल्या खोल्यांची दारं लावून घ्या आणि भिंतीला टेकून उभे राहा. खोलीत घिरट्या घालताना ते मध्यावर खाली येतं आणि भिंतीजवळ वर चढतं, म्हणून मधोमध उभा असलेला माणूस घाबरतो. झाडू फिरवू नका. बहुतेक वेळा काही मिनिटांत ते स्वतःच बाहेर जातं. जमिनीवर पडलं असेल तर उघड्या हातानं उचलू नका. जाड कापडानं किंवा खोक्यानं झाका आणि बाहेर उंच खडबडीत खोडाला टेकवून ठेवा, म्हणजे त्याला वर चढून सुटता येईल. चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.